अजदह्याची पैमाईश

पहिल्या दिवशी मी दफ्तरात पाऊल ठेवलं तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. मी दाराच्या चौकटीत उभी होते. त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, "पाच फूट एक," असं स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं. मी पाच फूट दोन इंच आहे. सेक्शनमधली मी पहिलीच बाई, त्यात नवीन, तेव्हा गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण माझ्या उंचीतला इंच कोणी खाल्लेला मला चालत नाही. मी तिथल्या तिथे तसं सांगितलं. ते उठले, टेबलाच्या खणातून फूटपट्टी काढली, मला भिंतीला टेकून उभं केलं आणि अख्ख्या सेक्शनसमोर मोजून निकाल दिला की पाच फूट दीड, म्हणजे दोघंही चुकलो. त्या दिवसापासून ते मला अक्का म्हणायला लागले. वयानं ते माझ्या वडिलांच्या जवळपास होते, पण हैदराबादेत अक्का म्हणायला वय लागत नाही.

आम्ही सगळे त्यांना रावजी म्हणायचो. शहरातल्या जुन्या मराठी घराण्यातले; आजोबा, पणजोबा सगळे संस्थानच्या नोकरीत झिजलेले. अंगात काळी शेरवानी आणि बोलण्यात अर्धी उर्दू. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पैमाईश खात्यात, म्हणजे जमिनीच्या मोजणीत काढली. जरीब नावाची लोखंडी साखळी बैलगाडीत टाकायची आणि वर्षातले दहा महिने सोळा जिल्ह्यांत गावोगाव शेतं मोजत फिरायचं, हा त्यांचा संसार. लग्न राहून गेलं, कारण, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, मुहूर्त निघायचा तेव्हा ते नेमके रायचूरला असत. शेवटी पाय कुरकुरायला लागले तेव्हा खात्यानं त्यांना शहरात आणून आबिड्सजवळच्या आमच्या दफ्तरात बसवलं. नारायणगुड्यात त्यांनी दोन खोल्या घेतल्या, अंगणात जामाचं झाड लावलं आणि जाहीर केलं की आता इथून आपल्याला चार माणसांनी उचलल्याशिवाय आपण हलणार नाही.

मोजायची सवय मात्र सुटली नव्हती. कोणाच्या घरी गेले तर चपला काढायच्या आधी ओसरी पावलांनी मोजून व्हायची. लग्नाला गेले की नवरानवरीला आशीर्वाद देण्यापूर्वी मांडव. भाजीवालीकडची पडवळं ते वितीनं मोजायचे आणि न घेता पुढं जायचे. त्यावरून एकदा तिनं पडवळानंच त्यांच्या पाठीवर रट्टा घातला होता असं म्हणतात. मी पाहिलं नाही, पण घातला असेल तर बरं झालं.

एकदा दफ्तरात साप निघाला. जुन्या कागदांचे कापडी बस्ते भिंतीला रचलेले असत, त्यांच्यामागून एक लांबलचक धामण निघाली आणि सगळं सेक्शन टेबलावर चढलं. मीही चढले, खोटं कशाला बोलू? आमचे सरिश्तेदार साहेब, म्हणजे सेक्शनचे मुख्य, चांगले जाडजूड, तोंडात कायम पान. ते टेबलावर कसे चढले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. रावजी तेवढे खाली. धामण भिंतीच्या कडेनं सरळ पसरली तशी त्यांनी हळूच जाऊन खडूनं तिच्या डोक्यापाशी एक रेघ मारली, शेपटीपाशी एक.

सरिश्तेदार वरून म्हणाले, "अरे हौले, उसकू नापो नक्को, भगाओ."

धामण आपणहून मोरीतून निघून गेली. रावजींनी रेघांमधलं अंतर मोजलं आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "साडेपाच फूट. आता ज्यांना भ्यायचंय त्यांनी साडेपाच फुटांपुरतं भ्यावं."

मोजल्याशिवाय भ्यायचं नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुसरं तत्त्वज्ञान असं की मोजलेलं लिहिल्याशिवाय सोडायचं नाही. ह्या दुसऱ्यानंच पुढं सगळा गोंधळ केला.

त्याचं असं झालं. नोकरीच्या सुरुवातीला बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात शेतं मोजताना पाटलानं त्यांना देवळात नेलं. तुळईला साखळीनं एक दाढ टांगलेली होती. दाढ कसली, वरवंटाच. देवीनं मारलेल्या अजगराची ती दाढ, असं गाव सांगत होतं. रावजींनी मोजली, पावणेदोन वीत भरली. मोजणीच्या रजिस्टरात शेवटी एक रकाना असतो, कैफियतीचा. शेतात विहीर असेल, आंब्याचं झाड असेल, बांधावर मोठा दगड असेल तर मापासकट तिथं लिहायचं. रावजींनी लिहिलं, "देवळात अजदह्याची दाढ, एक, पावणेदोन वीत, गाववाल्यांच्या बयानाप्रमाणे." अजदहा म्हणजे उर्दूतला तो अजस्र, आग ओकणारा सर्प. खाली सही केली, शिक्का मारला.

पुढं दोन वर्षांनी तुंगभद्रेच्या काठी एका दर्ग्यात मुजावरानं हिरव्या फडक्यातून एक खवला काढून दाखवला, परातीएवढा. तिथले कानडी लोक त्या जनावराला हेब्बावू म्हणत आणि एका अवलियानं त्याचा दगड केला असं सांगत. तो लिहिला गेला. मग गोदावरीपलीकडच्या जंगलात दगडात रुतलेली सात हात लांब पसली, म्हणजे बरगडी. तिथं तेलुगूत कोंडचिलुवा. तीही लिहिली. असं करता करता अठ्ठावीस वर्षांत बारा नग झाले. दुसऱ्या एखाद्यानं हसून सोडून दिलं असतं. रावजी मोजणीदार. त्यांनी विचार केला की एवढ्या मोठ्या जनावराचं एका गावाला एकच हाड कसं मिळतं? बाकीचं गेलं कुठं? भाऊबंदांत वाटलेल्या शेताचे तुकडे जोडले की मूळ नंबर पुरा भरतो, तसं त्यांनी हे तुकडे जोडले. त्यांचा निष्कर्ष असा की राक्षस वेगळे, देव वेगळे, भाषा वेगळ्या, पण जनावर एकच.

त्यांच्याजवळ संस्थानाचा एक कापडी नकाशा होता. त्यावर लाल शाईचे बारा ठिपके आणि ते जोडणारी पेन्सिलीची रेघ. डोकं बालाघाटात, मान बिदरकडून खाली, पोट हैदराबाद शहरावर, एक पाय गोदावरीत सोडलेला आणि शेपटी रायचूरवरून तुंगभद्रेत. शहराच्या आजूबाजूला डोंगरांवर जे गोल गोल धोंडे एकमेकांवर चढून बसलेत ते त्याचं न पचलेलं जेवण. बंजारा हिल्सवर बंगला बांधणाऱ्या एका अधिकाऱ्याला त्यांनी हे अत्यंत अदबीनं सांगितलं होतं. पंख होते का, असं मी विचारलं तर म्हणाले, "पंखांचा सबूत नाही अक्का. मुजावर म्हणतो होते. पण तो दाखवू शकला नाही, मी लिहिलं नाही."

मला सगळ्यात आवडायची ती पुढची गोष्ट. दर गावाला ते सांगून यायचे की तुमच्या तुकड्याचं बाकीचं अंग कुठं आहे. गावं त्यावर विश्वास ठेवायची, कारण सरकारी माणूस सांगत होता आणि त्याच्या हातात नकाशा होता. एकदा जंगलातल्या त्या तेलुगू गावातली पाच माणसं, गाड्या बदलत, पायी चालत, आपल्या पसलीची दाढ पाहायला थेट बालाघाटात पोचली. कोणाला कोणाची भाषा कळेना. मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं आधी देवळातल्या दाढेकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या बरगडीवर हात फिरवला. गावकऱ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. पसलीकडचे पाहुणे आले म्हणून गावानं तीन दिवस त्यांना हलू दिलं नाही. पुरणपोळ्या घातल्या, जाताना टोप्या-उपरणी दिली. पुढं दाढकऱ्यांपैकी कोणी पसलीकडे गेलं तर तिथंही तसाच पाहुणचार. ही सोयरीक रावजींनी जुळवलेली. स्वतःचं लग्न न जमवता आलेल्या माणसानं.

अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईच्या त्या पाच दिवसांतलं त्यांचं मला सरिश्तेदार साहेबांनी सांगितलं. ते नारायणगुड्यात रावजींच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. बाहेर काय चाललं होतं ते इथं उगाळत बसत नाही; ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. सगळी दारं बंद, वर विमानाचा आवाज आला की पोरं पलंगाखाली. दोन घरांच्या मध्ये एक समाईक अंगण होतं. रावजी तिथं खाट टाकून बसले आणि दोन्ही घरच्या पोराबाळांना गोळा करून अजदह्याची गोष्ट सुरू केली, एक वाक्य मराठीत, एक दखनीत. पहिल्या दिवशी नुसती मान झाली. कोणी येऊन सांगायचं की अमुक वाटेनं हजार रणगाडे येतायत, तर रावजी गोष्ट थांबवून विचारायचे की मोजले कुणी? सांगणारा ओशाळून तिथंच बसायचा आणि पुढची गोष्ट ऐकायचा. पाचव्या दिवशी शेपटी तुंगभद्रेत पडली तेव्हा रेडिओवर सगळं संपल्याचं सांगत होते, पण अंगणातलं कोणी उठलं नाही. सरिश्तेदार साहेब हे सांगताना पान थुंकायचं विसरत.

मी दफ्तरात आले ती त्यानंतर. आमचं काम उर्दूतली जुनी रजिस्टरं इंग्रजीत उतरवून टाइप करायचं. माझे वडील उर्दू कोर्टात वकील होते. मला मराठी बाराखडीच्या आधी अलिफ-बे आली, म्हणून ही नोकरी. वडिलांची नजर तोवर पार गेली होती. हिमायतनगरच्या घरात आम्ही दोघंच. सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवायची आणि संध्याकाळी आल्यावर तोच पेपर पुन्हा, कारण दिवसभरात त्यांना त्यावर मुद्दे सुचलेले असत आणि वाद घालायला समोर माणूस लागे. त्या घरातून मला एक दिवसही बाहेर राहता येण्यासारखं नव्हतं.

वरून हुकूम होता की भाषांतरात एक शब्दही गाळायचा नाही. मग मी कशाला गाळू? विहीर आली, विहीर टाइप केली. आंबा आला, आंबा. अजदह्याची पसली आली, सात हात, एक. शेजारच्या टेबलावर नक्कल करणारा होता, त्याच्यापाशी चार रकाने होते: विहिरी, झाडं, दगड, इतर. त्यानं बाराच्या बारा नग 'इतर' मध्ये टाकले. सरिश्तेदारांनी न वाचता सही केली, कारण माझ्या कामात चूक नसते असा त्यांचा समज होता, आणि चूक तर नव्हतीच.

मग छप्पन साल आलं आणि राज्याचे तीन तुकडे व्हायचं ठरलं. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू इथंच आंध्रात. रजिस्टरांचे तीन ढीग, खुर्च्यांचे तीन ढीग, आणि आमचेही. ज्याची भाषा जी, तो तिकडे, असा साधारण हिशेब. पहिली कच्ची यादी लागली तेव्हा आमच्या सेक्शनमधली दोन्ही मराठी नावं औरंगाबादच्या खाली होती, रावजींचं आणि माझं. रावजींच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांनी यादी वाचली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना जेवणाचा डबा तसाच परत नेताना पाहिलं. म्हणाले की अठ्ठावीस वर्षं परगावच्या चावडीत झोपलो, आता घरात झोपायला शिकत होतो. मी माझ्या वडिलांबद्दल कोणाशी बोलले नाही. मला इथंच ठेवावं असा अर्ज लिहिला आणि वाट पाहत बसले.

अशा सगळ्या सुतकी वातावरणात ती पत्रं यायला लागली. नव्या तिन्ही सरकारांना मालमत्तेच्या याद्या गेल्या होत्या, आणि सोबत रावजींनी न विचारता जोडलेली आपल्या नकाशाची नक्कल. म्हैसूरकडून विचारणा आली की यादीतल्या शेपटीचा ताबा कधी देणार, आणि ती नाशवंत आहे काय? मुंबईकडून आलं की डोक्याची फक्त दाढच नोंदलेली दिसते, उरलेलं डोकं कुठं आहे याचा खुलासा व्हावा. तिसरं पत्र आमच्याच वरिष्ठांचं: पोट शहरात असल्याचं नकाशावरून दिसतं, तरी त्यावर कोणी अतिक्रमण केलं आहे काय ते कळवावं. सरिश्तेदारांनी तिन्ही पत्रं माझ्यापुढं टाकली.

"अम्मा, तुम लिखे सो लिखे," ते म्हणाले, "अब इसकी दुम कौन भेजेगा बोलो."

आम्ही हसलो म्हणजे किती हसलो सांगू? टाइपरायटरवर डोकं टेकून मी हसले, त्याच्या चार पट्ट्या अडकल्या. सरिश्तेदारांना ठसका लागला, पान शेरवानीवर. रावजी एकटे गंभीर होते. शेपटी नाशवंत आहे का यावर ते खरोखर विचार करत होते. आणि त्या हसण्यातच मला ती युक्ती सुचली. मी कागद चढवला आणि तिन्ही सरकारांना एकच टिपण लिहिलं: सदर जनावराचे अवशेष तिन्ही राज्यांत पसरलेले आहेत, त्यांची ओळख पटवणं फक्त रावजींनाच शक्य आहे, दुसऱ्या कोणालाही नाही, तरी वाटप पुरं होईपर्यंत त्यांना हैदराबादेहून हलवता येणार नाही. तीन सरकारांचा पत्रव्यवहार दोन वर्षांत संपत नसतो हे मला ठाऊक होतं. सरिश्तेदारांनी या वेळी वाचून सही केली. रावजींना आम्ही टिपण वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून डबाभर शिरा आणला आणि शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना वाढला.

टिपण लागू पडलं, जरा जास्तच. महिन्याभरात वाटपाचे साहेब स्वतः चौकशीला आले. लांबच्या प्रांतातले होते. मराठी, तेलुगू, कानडी यांतली एकही भाषा त्यांना येत नव्हती आणि म्हणूनच त्यांना नेमलं होतं, कोणाची बाजू घेतील ही भीती नको. सज्जन माणूस, पण कागदावरचं सगळं खरं मानणारा. मोडक्या हिंदीत त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की जनावर नक्की मेलेलं आहे ना? रावजींनी खात्री दिली. मग साहेबांनी माझं टिपण काढलं, माझा अर्ज काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. म्हणाले की मराठी जिल्ह्यांचे जुने कागद समजणारं एक माणूस इथं ठेवायची मंजुरी आहे. एकच. बाई म्हणतात त्याप्रमाणे अवशेषांची ओळख जर ह्या गृहस्थांनाच असेल, तर हे राहतील आणि बाई औरंगाबादला जातील.

ते टिपण मीच लिहिलेलं, माझ्याच हातानं, 'दुसऱ्या कोणालाही नाही' ह्या शब्दांसकट. वडील डोळ्यांसमोर आले, मांडीवर घडी न मोडलेला पेपर घेऊन बसलेले. साहेबांनी विचारलं, टिपण बरोबर आहे ना? मी म्हणाले, बरोबर आहे.

रावजी म्हणाले, "टिपण गलत आहे साहेब. बाईंना सगळं मालूम आहे. विचारून बघा."

साहेबांना ही कल्पना आवडली. त्यांनी यादी हातात घेतली आणि मला विचारलं, पसली किती लांब? मला काय ठाऊक नव्हतं? ती बारा मापं मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकली होती, स्वतः टाइप केली होती. पण सात म्हटलं की रावजी औरंगाबादला. त्या क्षणी माझ्या मनात दोन्ही होतं, हे कबूल करते. वडीलही होते आणि हा वेडा म्हातारा, त्याचं ते नारायणगुड्यातलं अंगण, हेही होतं. मी साहेबांकडे न बघता म्हणाले, "सहा हात."

साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. म्हणाले, इथं सात लिहिलंय. म्हणजे बाईंना माहीत नाही.

मी रावजींकडे पाहिलं. धामण मोजणारा, पडवळं मोजणारा, एका चुकीच्या मापासाठी भर लग्नात सुताराशी भांडणारा हा माणूस. आता सातच म्हणणार, आणि म्हटलंच पाहिजे, अशी मी मनातल्या मनात विनवणी करत होते.

रावजी म्हणाले, "यादी चुकली साहेब. त्या दिवशी मी जरीब ढिली धरली होती. पसली सहा हातच आहे. बाईंचं बरोबर."

सरिश्तेदारांचा पान चघळणारा जबडा जागच्या जागी थांबला. अठ्ठावीस वर्षांची सही, शिक्का, सगळं त्या माणसानं एका वाक्यात मोडीत काढलं, आणि चेहऱ्यावर अशी शांती की जणू कोणाला पाण्याचा पेला दिला. साहेबांनी सातावर काट मारून सहा केलं, बाजूला सही केली आणि माझ्या अर्जावर मंजूर असं लिहिलं.

बाहेर जिन्यावर मी त्यांना गाठलं. मला इतका राग आला होता की आवाज चिरका निघत होता. मी म्हणाले, तुम्ही खोटं बोललात, सरकारी कागदावर.

ते जिना उतरत राहिले. "तुम्ही आधी बोललात अक्का. मी फक्त दुरुस्ती केली." मग खालच्या पायरीवर थांबून म्हणाले, "तुमच्या वडिलांना पेपर लागतो. मला काय, मोजायला लागतं. ते कुठंही मिळतं." माझ्या वडिलांबद्दल त्यांना कोणी सांगितलं होतं, मला आजतागायत कळलेलं नाही. मी जिन्यावरच रडले, त्यांच्यासमोर, आणि त्यांनी तेवढा वेळ जिन्याच्या पायऱ्या मोजल्या.

नव्या जागी त्यांना काय हुद्दा मिळाला ते ऐकून मात्र पुन्हा हसू फुटलं. साहेब पक्के कागदाचे. त्यांनी हुकमात स्पष्ट लिहिलं होतं की हे गृहस्थ मराठी जिल्ह्यांतल्या अवशेषांचे, विशेषतः डोक्याचे, जबाबदार राहतील. रावजींनी तो हुकूम सगळ्यांना दाखवला. खूश होते, की तसं दाखवत होते, मला सांगता येत नाही.

काचीगुडा स्टेशनवर आम्ही अख्खं सेक्शन गेलो होतो. मनमाडची गाडी, भर दुपार, फलाटावर तीन भाषांतली रडारड, कारण त्या महिन्यात रोजच कोणी ना कोणी जात होतं. सरिश्तेदारांनी पानाचा पुडा दिला, मी शेंगदाण्याची चटणी दिली. कापडी नकाशा त्यांनी गुंडाळून काखेत धरला होता, सामानात ठेवायला तयार नव्हते. खिडकीशी बसले. समोरच्या बाकावर परभणीकडची एक बाई, दोन टोपल्या आणि एक झोपलेलं पोर घेऊन बसली होती. तिनं सहज विचारलं, बाबा, कुठं निघालात?

झालं. रावजींनी नकाशा काढला, तिच्या टोपल्यांवर पसरला आणि माझ्याकडे पाठ फिरवली. मी खिडकीतून दोनदा हाक मारली. त्यांना ऐकू गेलं होतं. मानेची शीर हलली, मी पाहिलं. पण वळले नाहीत. वळले असते तर दोघांचंही अवघड झालं असतं, हे मला कळत होतं, तरी मी त्यांच्यावर चिडले, भयंकर चिडले.

शिट्टी झाली. गाडी हलली तेव्हा ते त्या बाईला म्हणत होते, "घाबरू नका. आत्ता आपण त्याच्या पोटावर आहोत. सावकाश सावकाश डोक्याकडे चाललोय."

बाईनं खाली फळीकडे पाहिलं, लुगडं सावरलं आणि हळूच दोन्ही पाय वर घेतले.